एस्किलसच्या सात ढाली: चिन्हं, तुरे आणि ते टिकवायचे कसे

नेपथ्यशाळा

प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसचं ‘सेव्हन अगेन्स्ट थीब्स’ बसतंय. सात दरवाजे, सात चढाईखोर, आणि दूत एकेकाच्या ढालीवर काय आहे ते थीब्सचा राजा एटिओक्लीसला सांगतो. मूळ संहितेत या ढाली नुसत्या ऐकू येतात. दिग्दर्शकांना मात्र त्या मागच्या पातळीवर एकेक करून प्रकाशात आणायच्या आहेत. म्हणजे सात ढाली, शिवाय थीब्सच्या बाजूच्या हायपर्बिअसची एक, आणि आठ शिरस्त्राणं तुऱ्यांसकट. शंका अशा:

१) ग्रीक ढाल शोधली की लाल रंगावर उलटा ‘व्ही’ येतो. तो सगळ्यांना चालतो का?
२) चिन्ह रंगवलेलं असायचं की धातूचं ठोकलेलं?
३) घुमटाकार ढालीवर कागदावरचं चित्र उतरवताना कडेला चुण्या पडतात. उपाय?
४) तुरा कशाचा, किती उंच, आणि धरतो कसा? नमुन्याचा तुरा मान झटकली की कलंडतोय.
५) कानापासून कानापर्यंतचा आडवा तुरा सेनापतीला द्यावा, असं कुणी सुचवलंय. बरोबर आहे का?

नटाला ढाल बराच वेळ धरून उभं राहायचंय, तेव्हा वजनाचंही सांगा.

काळी_आकृती

१ आणि २ चं उत्तर देतो, बाकीचं हातांनी काम करणारे सांगतील.

उलटा ‘व्ही’ म्हणजे लॅम्डा, लाकेडायमोनचं, म्हणजे स्पार्टाच्या राज्याचं आद्याक्षर. त्याचा लेखी आधार फोटिओस या बायझंटाइन विद्वानाच्या कोशातला, म्हणजे इसवी सनाच्या ९व्या शतकातला आहे. तो युपोलिस या विनोदी नाटककाराचा हवाला देतो, आणि युपोलिस पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातला. तुमचं नाटक इ.स.पू. ४६७ चं, गोष्ट त्याहून जुन्या वीरांची, आणि सातांपैकी एकही स्पार्टाचा नाही. तेव्हा लॅम्डा बाद.

राज्याचं एकच चिन्ह सगळ्यांच्या ढालीवर, ही पद्धत उशिराची आणि तीही सगळीकडे नव्हती. ग्रीक इतिहासकार झेनोफोनकडे इ.स.पू. ३९२ च्या कोरिंथच्या लढाईत सिक्योन शहराच्या ढालींवर सिग्मा, म्हणजे ग्रीक ‘स’, आहे. स्पार्टाचा पासिमाखोस त्या ढाली घेऊन आर्गोसवाल्यांवर चालून जातो आणि ‘हे सिग्मा तुम्हाला फसवतील’ असं ओरडतो. इ.स.पू. ३६२ च्या मँटिनीआच्या लढाईआधी आर्केडियाचे सैनिक आपण थीब्सचेच असल्यासारखी हेराक्लीसची गदा ढालीवर रंगवून घेतात. म्हणून थीब्सच्या माणसाला गदा द्यायचा मोह होईल, पण ती एस्किलसनंतर शंभर वर्षांनी दिसते. उलट इ.स.पू. ४२४ ला डेलियनला शत्रूला वळसा घालून आलेले अथेन्सचे सैनिक आपल्याच माणसांवर तुटून पडले आणि काहींना ठार केलं, असं इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. सगळ्यांच्या ढालीवर एकच खूण असती तर इतका घोळ होणं कठीण.

तुमच्या काळाला धरून म्हणजे ज्याची ढाल त्याचं चिन्ह. इतिहासकार हेरोडोटस डेकेलेआच्या सोफानीसच्या ढालीवर नांगर असल्याचं सांगतो, जहाजाचा नांगर, शेतीचा नव्हे. चरित्रकार प्लुटार्ककडे अथेन्सचा सेनापती अल्सिबायडीसच्या ढालीवर वज्र घेतलेला इरॉस, म्हणजे प्रेमाचा देव, आहे. एका स्पार्टनाच्या ढालीवर खऱ्या मापाची माशी होती. लोक हसले तेव्हा तो म्हणाला, मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती नीट दिसते. स्पार्टातसुद्धा आर्टेमिस ऑर्थियाच्या देवळात शिशाच्या लाखावर चिमुकल्या वस्तू सापडल्या आहेत. त्यांत ढालधारी सैनिकही आहेत, आणि त्यांच्या ढालींवर फुलं, चक्रं अशी वेगवेगळी नक्षी आहे.

नमुने हवे असतील तर रोमच्या व्हिला जुलियातलं चिजी भांडं बघा, इ.स.पू. ६५० ते ६४० च्या सुमाराचं. उजवीकडच्या रांगेच्या ढाली समोरून दिसतात: गॉर्गनचा (केसांत साप असलेल्या राक्षसीचा) चेहरा, उडता पक्षी, बैलाचं मुंडकं. डावीकडच्या रांगेच्या ढाली आतून दिसतात, त्यामुळे पट्टा आणि मूठ कुठे असते तेही तिथेच कळतं.

रंगवलेलं की धातूचं? दोन्ही. ऑलिंपियाला कांस्याच्या पत्र्याची ढालचिन्हं सापडली आहेत. त्यातलं तीन पंखांच्या चक्रात गॉर्गनचं तोंड असलेलं जवळजवळ पूर्ण ढाल व्यापतं. कार्केमिशच्या उत्खननातही गॉर्गन असलेली कांस्याची ढाल निघाली. पण मोठा आधार तुमच्या संहितेतच आहे. सातांपैकी पार्थेनोपिअसच्या ढालीवरची स्फिंक्स (स्त्रीचं तोंड, सिंहाचं अंग असलेली राक्षसी) ‘रिव्हेटांनी बसवलेली, उठावाची, चकाकणारी’ आहे. कवीने एवढं सांगितलं असताना ती सपाट रंगवू नका.

आता सात ढाली. दूताच्या शब्दांबाहेर फारसं जाऊ नये हे माझं मत:

टायडिअस: ताऱ्यांनी भरलेलं आकाश, मध्ये पूर्ण चंद्र. ढालीच्या आत कांस्याच्या घंटा आहेत आणि डोक्यावर तीन तुरे. घंटा विसरू नका, तो आवाज संहितेचाच भाग आहे.
कापानिअस: हातात मशाल घेतलेला नग्न पुरुष, आणि सोनेरी अक्षरांत ‘मी हे शहर जाळीन’.
इटिओक्लस (राजा एटिओक्लीस वेगळा, तालमीत हमखास गोंधळ होतो): बुरुजाला लावलेल्या शिडीवर चढणारा सैनिक, सोबत अक्षरं.
हिपोमेडॉन: तोंडातून काळा धूर सोडणारा टायफॉन हा राक्षस, काठाशी सापांची वेटोळी. याच्यासमोर थीब्सचा हायपर्बिअस, ढालीवर वज्रधारी झ्यूस. दोन्ही एकाच पट्टीत रंगवा, कारण ही जोडी पुराणातही एकमेकांची वैरी आहे आणि एटिओक्लीस तेच बोलून दाखवतो.
पार्थेनोपिअस: स्फिंक्स, पंजाखाली थीब्सचा एक माणूस.
अँफिअरॉस: काहीच नाही. निव्वळ कांस्य.
पोलिनाइसीस (एटिओक्लीसचा भाऊ): नवी कोरी ढाल. सोनेरी शस्त्रधारी पुरुषाला हाताशी धरून नेणारी स्त्री. ती स्वतःला न्यायदेवता म्हणवते, तेही अक्षरांत.

यात सर्वांत कठीण ढाल अँफिअरॉसची. चिन्ह नसल्यामुळे पृष्ठभागावरचा प्रत्येक खड्डा प्रकाशात दिसतो. सर्वांत नीट साचा त्याच्यासाठी राखा.

ठोके_आणि_ठसे

३ नंबर आणि वजन.

खरी ढाल सुमारे ८० ते १०० सेंमी व्यासाची, लाकडी गाभ्याची. बाहेरून कांस्याचा पत्रा, तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वजन ६ ते ८ किलो. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, १९३६ साली मिळालेली, पायलॉसच्या लढाईच्या लुटीतली स्पार्टन ढाल चेपून लंबगोल झाली आहे, ९५ बाय ८३ सेंमी. त्या मापाला जाऊ नका. ८८ सेंमी पुरे: ८० सेंमीचा घुमट, १० सेंमी खोल, भोवती ४ सेंमीचा सपाट काठ. काठ वाचवायला जाऊ नका. सगळा ताठपणा त्यातच आहे. काठ नसला की ढाल हातात लवते आणि लवली की रंगाला चिरा जातात.

साचा: घुमटाच्या अर्ध्या छेदाचा प्लायवूडचा फर्मा कापा, मध्यभागी उभ्या सळईभोवती फिरवा आणि ओल्या वाळूचा ढीग त्या आकारात खरवडा. वर शाडूचा बोटभर थर, तोही फर्म्यानेच. सुकल्यावर त्यावरून पहिली ढाल काढा, पुट्टी आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, आणि मग त्या ढालीवरून उलटा, खोलगट साचा घ्या. हे टाळलं तर आठही ढालींची बाहेरची बाजू खडबडीत येते आणि घासण्यातच आठवडे जातात.

फायबरच्या ४५० ग्रॅमच्या (दर चौ. मी.) मॅटचे २ थर पुरतात. घुमट आणि काठ मिळून क्षेत्रफळ साधारण ०.६४ चौ. मी. येतं. वाया जाणारं धरून दर ढालीला १.५ चौ. मी. मॅट घ्या. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीच पट. तयार कवच २ किलोच्या आसपास, पट्टे धरून अडीच. ब्रशऐवजी रोलरने दाबून हवा काढा, राहिलेले बुडबुडे पुढे रंगासकट फुटतात. मास्क आणि हातमोजे हवेतच, आणि काम उघड्यावर करा. पावसाळ्यात कागदाच्या लगद्याच्या भानगडीत पडू नका, वाळेपर्यंत आकार सोडतो.

चुण्यांचं कारण साधं भूमितीचं. ८० सेंमी रुंद, १० सेंमी खोल घुमटावरून फीत टाकली तर काठापासून काठापर्यंत ८३ सेंमी भरते. तेव्हा चित्र ८३ सेंमीच्या वर्तुळात काढा. पण त्या कागदाचा परीघ घुमटाच्या परिघापेक्षा १० सेंमीने जास्त असतो, तोच चुण्या होऊन बाहेर येतो. कडेपासून मध्याकडे ८ चिरा द्या (मधलं २० सेंमीचं वर्तुळ अखंड ठेवा) आणि प्रत्येक चिरेची कडेकडची टोकं १.३ सेंमी एकमेकांवर चढवा. कागद बसतो. चिरा चेहऱ्यावरून किंवा अक्षरांवरून जाऊ देऊ नका, आकृत्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून न्या.

त्याआधी एक काम: पट्टा आणि मूठ बसवा, मग चित्र. मधल्या रुंद कड्यातून हात कोपरापर्यंत जातो आणि मूठ ढाल धरणाऱ्याच्या उजव्या काठाशी असते. उभं राहताना पुढचा हात क्वचितच आडवा असतो, मनगट थोडं वर जातं आणि त्याबरोबर ढाल फिरते. आधीच सरळ रंगवलेली स्फिंक्स मग तिरकी बसते. नटाला ढाल घेऊन त्याच्या ठरलेल्या पवित्र्यात उभं करा, समोरून ओळंबा सोडा, वर-खाली दोन खुणा करा. तीच चित्राची उभी रेघ. प्रत्येक नटाचा कोन वेगळा, तेव्हा ढालींची अदलाबदल नको.

रंगाचं: संग्रहालयातलं हिरवट-तपकिरी कांस्य विसरा. दहाएक टक्के कथलाचं नवं घासलेलं कांस्य सोनेरी दिसतं, पितळेच्या जवळ. झेनोफोन तर स्पार्टाच्या ढालीला कांस्य का, याचं कारणच देतो: लवकर चकाकतं आणि सावकाश काळवंडतं. चिन्हांसाठी गेरू, पिवळी माती, काजळीचा काळा, पांढरा आणि थोडा निळा एवढी पेटी पुरे. चिन्हावर मॅट व्हार्निश, भोवतीच्या कांस्यावर चकाकी. उलटं केलंत तर दिवा पडताच चिन्ह गायब आणि पार्श्वभूमीच दिसते.

वाख_आणि_वेणी

तुऱ्याचं मी सांगते.

मूळ तुरा घोड्याच्या केसांचा. होमरच्या ‘इलियड’च्या ६व्या सर्गात हेक्टरचं बाळ ज्याला घाबरून रडतं तो हाच. भांड्यांवर केसांच्या बुडाशी चौकड्यांची किंवा पट्ट्यांची एक पट्टी दिसते, ती केस धरणारी बैठक. मागे लांब शेपटी पाठीवर येते. केसांची वरची कड एकसारखी कातरलेली असते. नाटकवाले तुरा विस्कटलेला ठेवतात ते चूक.

घोड्याचे केस मिळाले तर शेपटीचे घ्या. आयाळ मऊ असते, उभी राहत नाही. नाहीतर घायपाताचा वाख उत्तम. काथ्या नको, तो ताठ असला तरी तुटका आणि रंगाला मळकट. वाख रंगवताना एक गोष्ट सांभाळा: लोकर-रेशमासाठी मिळणारा ॲसिड रंग घोड्याच्या केसांना धरतो, वाखाला धरत नाही. वाखाला सुती कापडाचा डायरेक्ट किंवा रिॲक्टिव्ह रंग लागतो. रंगवण्याआधी धुण्याच्या सोड्यात उकळून मेणचटपणा काढा, नाहीतर ठिपके राहतात.

बैठक: २५ मिमी रुंद, कपाळापासून मानेच्या वळणापर्यंत ४५ सेंमी. ३ मिमीची लवचीक प्लाय दोन थरांत, प्लॅस्टिक घालून शिरस्त्राणावरच दाबून चिकटवा, म्हणजे वळण तंतोतंत येतं. १ सेंमी अंतराने ६ मिमीची भोकं, दोन ओळी, एकमेकींना आडमोड. एकूण ९० भोकं. वाखाच्या ३ मिमी जाड, २८ सेंमी लांब जुड्या करा, मधोमध दुमडा, खालून आलेल्या तांब्याच्या तारेने दुमड भोकात ओढून घ्या. तार एका भोकातून दुसऱ्यात सलग जाते, ब्रश बांधतात तशी. खालून इपॉक्सी, त्यावर चामड्याची पट्टी. वाफ देऊन विंचरा आणि ११ सेंमीवर कातरा. एका तुऱ्याला कातरणीसकट पाव किलो वाख धरा. तुमचे आठ वीर आणि टायडिअसचे दोन जादा तुरे म्हणजे अडीच किलो.

कलंडतो का? बहुधा तुम्ही तो मधे एकाच बोल्टवर धरलाय. इलिरियन पद्धतीच्या शिरस्त्राणांच्या माथ्यावर पुढून मागे दोन समांतर उंचवटे असतात, तुरा त्यांच्यामधल्या खोबणीत बसतो. पुढे-मागे अडकवायची सोय काही नमुन्यांवर दिसते. तेच करा: माथ्यावर दोन कडा उभारा, पुढे आकडा, मागे कडी. मधे काही नको. कोरिंथियन शिरस्त्राणांपैकी पुष्कळांवर तुरा बसवल्याची खूणच नाही, म्हणून एक-दोघांना बिनतुऱ्याचं दिलंत तरी बिघडत नाही. उंच दांड्यावरचा तुरा भांड्यांवर फार देखणा दिसतो, पण तो फक्त स्थिर उभ्या असणाऱ्याला द्या.

हनुवटीचा पट्टा चिकटपट्टीचा ठेवा, जोरात ओढला की सुटणारा. ‘इलियड’च्या ३ऱ्या सर्गात मेनेलाओस पॅरिसला तुऱ्याला धरून फरफटत नेतो आणि पट्टा गळ्यात रुतून पॅरिस गुदमरायला लागतो. ॲफ्रोडाइटी पट्टा तोडते म्हणून वाचतो. तुमच्याकडे झटापट असेल तर एवढी सोय हवीच.

नेपथ्यशाळा

मनापासून आभार. बोल्ट खरंच एकच आहे. दोन गोष्टी राहिल्या: आडवा तुरा, आणि ढालींवरची अक्षरं. ग्रीकमध्येच लिहायची आहेत. आजच्या छापील ग्रीकवरून उतरवली तर चालतील ना?

काळी_आकृती

आडव्या तुऱ्याचा लाडका पुरावा म्हणजे अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या संग्रहालयातली अंगरखा लपेटलेल्या योद्ध्याची कांस्यमूर्ती, इ.स.पू. ६व्या शतकाच्या अखेरीची, स्पार्टाची मानली जाणारी. मूर्ती खरी, तुरा आडवा. पण तो अधिकाऱ्याचा होता असं कोणत्याही प्राचीन लेखकाने म्हटलेलं नाही. ती कल्पना सेंच्युरियन या रोमन तुकडीप्रमुखावरून मागे ढकललेली दिसते. अधिकाऱ्याचा तुरा लेखी हवा असेल तर विनोदी नाटककार ॲरिस्टोफनीसच्या इ.स.पू. ४२१ च्या ‘पीस’मधला तुकडीप्रमुख बघा: तीन तुरे आणि भडक लाल अंगरखा. ‘अकार्नियन्स’मधला सेनापती लामाखोसही तुऱ्यांवरूनच टिंगलीचा विषय होतो. टायडिअसला तीन तुरे आहेतच, तेव्हा आडवा नको.

वाख_आणि_वेणी

आणि त्याच लामाखोसच्या तुऱ्याचे केस किडीने खाल्लेत असा विनोद आहे. घोड्याचे केस वापरलेत तर प्रयोगांच्या मधल्या काळात कापूर घालून बंद डब्यात ठेवा. त्या नाटकात तुऱ्याला वेगळी पेटी आणि ढालीला गवसणीही आहे. वाखाला ती कीड लागत नाही, मात्र ओल लागली की बुरशी येते.

शिलालेख_वाचक

अक्षरांचं: छापील ग्रीकवरून उतरवू नका. अथेन्सने आयोनियन वर्णमाला (आजची ग्रीक अक्षरं तिच्यातूनच आली) अधिकृतपणे इ.स.पू. ४०३ मध्ये घेतली. ४६७ मध्ये अथेन्सच्या शिलालेखांत दीर्घ ‘ए’साठी ईटा आणि दीर्घ ‘ओ’साठी ओमेगा नव्हते. त्या जागी एप्सिलॉन आणि ओमिक्रॉनच यायचे. म्हणजे कापानिअसचं ‘प्रेसो पोलिन’ लिहिताना पहिल्या शब्दात ईटा-ओमेगा घालू नका. तेव्हाचा अथेन्सचा सिग्मा तीन रेघांचा, आजचा चार रेघांचा. लॅम्डाचं टोक वर नसून खाली, रोमन ‘एल’सारखं. अथेन्सचं नाटक म्हणून अथेन्सची अक्षरं, हाच धागा धरा.

सगळं कॅपिटल अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता, आघातचिन्हं न देता. आकृतीभोवती काठाला समांतर गोल फिरवा. ओळ आडवी सरळ टाकली की फलक वाटतो. उंची ५ सेंमीपेक्षा कमी नको, नाहीतर दहाव्या रांगेतून दिसत नाहीत. कापानिअसची अक्षरं सोनेरी, हे संहितेतच आहे. पोलिनाइसीसच्या ढालीवर सोनं त्या पुरुषाला आहे, तेव्हा तिथली अक्षरं लाल ठेवा म्हणजे दोन सोनेरी गोष्टी भांडत नाहीत. पोलिनाइसीसचं वाक्य लांब आहे, ‘या माणसाला मी परत आणीन, त्याला त्याचं शहर मिळेल, वडिलांच्या घरात तो वावरेल’ अशा अर्थाचं. ते पूर्ण मावत नाही. सुरुवातीचे दोन-तीन शब्द घ्या. न्यायदेवतेचं नाव मात्र तिच्या डोक्याशी वेगळं लिहा, भांड्यांवर रंगारी पात्रांची नावं तशीच लिहायचे.